हललेल्या फ्रेम

हैदराबादच्या मलकपेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या टँकरची वेळ आणि लिफ्ट बंद असल्याची सूचना यांच्या मधोमध, रोज सकाळी सूर्याचा एक फोटो लागायचा. काळ्या कागदावर पांढरी गोल चकती. कधी तिच्यावर मोहरीएवढा काळा डाग, कधी दोन डाग, कधी काहीच नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘वि. कदम, गच्ची’. जणू गच्ची हे त्यांच्या गावाचंच नाव होतं.

विश्वंभर कदम आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे उदगीरकडचे, शेतकरी घरातले. नोकरीची सगळी वर्षं वीज खात्याच्या मीटर तपासायच्या लॅबमध्ये काढलेली. मीटर बरोबर चालतो की पुढे पळतो, हे तपासता तपासता त्यांचा स्वभावही तसाच झाला होता. निवृत्तीनंतर त्यांनी एक दुर्बीण घेतली, तिला कॅमेरा जोडला, आणि त्यांचा दिवस सूर्याबरोबर सुरू व्हायला लागला. चंद्र, गुरू, शनी हेही ते टिपायचे. भावाच्या शेतात जाऊन देवयानी दीर्घिकेचा फोटो काढून आणला होता. तो फ्रेम करून बैठकीत लावला, तर त्यांच्या मेहुण्याने काचेवरचा डाग समजून रुमालाने पुसायला घेतला. पण त्यांचा खरा जीव सूर्यावर. कारण विचारलं तर म्हणायचे, “शहरात दुसरं दिसतंय काय? हा एकटाच लाइटींना पुरून उरलाय.”

कोवळ्या उन्हात, आजूबाजूच्या गच्च्या तापायच्या आत, फोटो काढायचा असा त्यांचा नेम. एकदा सिमेंट तापलं की त्यावरची हवा थरथरते आणि सूर्याची कड पाण्यात पाहिल्यासारखी डळमळते. तेव्हा ते हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, “थांबा. हवा हलायलीय.” हे वाक्य त्यांच्या इतकं तोंडात बसलं होतं की मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं असं कोणी विचारलं तरी तेच उत्तर मिळायचं. सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, कपाळावर हात मारून घ्यायच्या.

तळमजल्यावर सलीमभाई राहायचे. ते सकाळी बोर्डापाशी थांबून विचारायचे, “क्यों कदम साब, आज सूरज के मुं पे फुन्सियाँ कित्ते?”

“दो हैं. एक बडी है.”

“इलाज कराओ ना उसका.”

“आठवडेभर में आपोआप जाती,” कदमकाका गंभीरपणे सांगायचे. थट्टा चालली आहे हे त्यांना कळायचं नाही असं नाही. पण सूर्याविषयीचा प्रश्न थट्टेतला असला तरी उत्तर खरंच द्यायचं, असं त्यांचं होतं.

खऱ्याखोट्याबद्दल ते फार कडक. त्यांच्या पुतण्याने एकदा चारमिनारच्या मागे मिनारांहून मोठा चंद्र चिकटवून तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. काकांनी एकेकाला फोन करून सांगितलं की हा चंद्र खोटा आहे, एवढा मोठा दिसायचा तर फोटो कुठून, किती लांबून काढावा लागेल. पुतण्या दोन दिवाळ्या त्यांच्याशी बोलला नाही. काकांना त्याचं वाईट वाटलं, पण फोन केल्याचं वाटलं नाही.

फोटो काढायची त्यांची पद्धत त्यांनी मला एकदा लॅपटॉपवर दाखवली होती. एकच फोटो काढायचा नाही, व्हिडिओ घ्यायचा. त्यातून हजारो फ्रेम मिळतात. बहुतेक हवेने हललेल्या, पुसट. त्या टाकून द्यायच्या. ज्या क्षणी हवा स्थिर होती तेवढ्या निवडक फ्रेम एकमेकींवर रचायच्या, मग सूर्य स्वच्छ दिसतो. “हललेल्या फ्रेमकडं बघायचंसुद्धा नाही,” ते म्हणाले. “नजर बिघडते.”

आणि डोळ्यांच्या बाबतीत तर ते मागेच लागायचे. ग्रहण आलं की महिनाभर आधी कागदी गॉगल मागवून घरोघर वाटायचे. दुर्बिणीच्या तोंडाला चंदेरी फिल्टर लावल्याशिवाय तिचं तोंड सूर्याकडे करायचे नाहीत. दुर्बिणीच्या मोठ्या नळीवर, नेम धरण्यासाठी, एक छोटी दुर्बीण बसवलेली असते, फाइंडर म्हणतात तिला. सूर्याच्या कामाला ती लागत नाही, आणि तिला फिल्टर नसतो, म्हणून रोज सकाळी ती आधी काढून खिशात घालायचे. एकदा एक पाहुणा छातीचा एक्स-रे घेऊन गच्चीवर आला होता. काकांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “यातून तुमची छाती बघा. सूर्य नको.”

हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे झालं ते अशा माणसाच्या हातून झालं.

माझी आई हिमायतनगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. आम्ही वाघमारे, परभणीकडचे. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो. आई दिवसभर जुन्या, एकाच डोळ्याने बघायच्या मायक्रोस्कोपवर बसून रक्तातल्या पेशी मोजायची. उजवा डोळा लावायचा, डावा उघडाच ठेवायचा आणि त्याने वहीकडे बघत लिहीत जायचं, अशी तिची इतक्या वर्षांची सवय. काका तिला मानायचे. “वाघमारेबाईंचं आणि माझं काम एकच,” म्हणायचे, “त्या खाली बघतात, मी वर.”

कोरोनाच्या आधीच्या डिसेंबरात सकाळचं सूर्यग्रहण होतं. आदल्या संध्याकाळी काकांनी शुक्राचे फोटो घेतले होते आणि दुर्बीण तशीच झाकून ठेवली होती. सकाळी गच्चीवर गर्दी झाली. काका सगळ्यांना गॉगल वाटत होते, ओरडून सूचना देत होते, आणि आकाशात ढग येत-जात होते. त्या गडबडीत मोठ्या नळीला फिल्टर लागला, मागे कॅमेरा लागला, पण वरचा फाइंडर काढायचा राहिला.

आई लॅबला निघता निघता दोन मिनिटं वर आली. ग्रहण ऐन भरात आलं होतं आणि तेवढ्यात ढग बाजूला झाले. काका खोक्याच्या आडोशाला ठेवलेल्या लॅपटॉपवर वाकलेले. आई दुर्बिणीपाशी गेली. मोठ्या नळीच्या मागे कॅमेरा होता. डोळा लावण्यासारखी एकच जागा होती, त्या छोट्या नळीची. काकांच्या दुर्बिणीत धोका असेल हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं. तिने सवयीने उजवा डोळा लावला.

“आई गं,” असं हळूच म्हणून ती मागे सरली. मी विचारलं तर म्हणाली, “फार उजेड होता. जाते, उशीर होतोय.”

लॅबमध्ये तिने स्लाइड लावली आणि डोळा टेकवला. आजूबाजूच्या पेशी दिसत होत्या. जिच्याकडे बघावं तीच दिसत नव्हती. स्लाइड सरकवली तर पुढची गायब. तिने काच पुसली, लेन्स पुसली, शेवटी डावा डोळा लावला, आणि मग मला फोन केला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याच्या बरोबर मध्यावर भाजल्याची खूण दाखवली. थोडं सुधारेल, म्हणाले, पूर्ण नाही.

संध्याकाळी मी आईला काळा चष्मा लावून घरी आणलं तेव्हा जिन्यापाशी शेजारी जमले होते. बातमी आधीच पोचली होती. काकाही होते. मी काही बोलायच्या आत तेच बोलले, भिंतीकडे बघत. “मी तर सगळ्यांना सांगितलं होतं. गॉगल घातल्याशिवाय वर बघायचं नाही म्हणून.”

आईने त्यांच्या दिशेने तोंड वळवलं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मागून म्हणाले, “सांगून ऐकत नाहीत. अशा लोकांना किती समजावणार?” ‘अशा’चा रोख आमच्या जातीवर होता. माझ्या अंगाचा भडका उडाला. आईने माझा हात दाबला आणि आम्ही जिना चढलो.

घरात आल्यावर मी म्हटलं, “त्यांनी फाइंडर काढला नव्हता. मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना.”

“थांब,” ती म्हणाली. “त्यांना माहितीय. बघू या.”

काकांना माहीत होतं. दुपारी सामान आवरताना तो फाइंडर त्यांच्याच हातांनी निघाला होता. पण दुसऱ्या दिवशी बोर्डावर ग्रहणाचा फोटो लागला, आणि तो त्यांचा आजवरचा सगळ्यात सुंदर फोटो होता. चकचकीत कोर, धार लावल्यासारखी. लोक थांबून त्याचे फोटो काढत होते. वर्तमानपत्रात पाठवा म्हणत होते. आई डाव्या डोळ्याने बघायची सवय करत रोज त्याच्यासमोरून लॅबला जायची. आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, वाघमारेबाईंनी सांगूनही ऐकलं नाही, शिकलेल्या असून.

काका तेव्हापासून गच्चीवर गेले नाहीत. ग्रहणाचाच फोटो बोर्डावर राहिला. सुमनकाकू रोज डबाभर काहीतरी आणून द्यायच्या आणि उंबऱ्यातूनच परत जायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही सगळं ठाऊक झालेलं दिसत होतं.

संक्रांतीच्या सुमाराला, सगळ्या गच्च्यांवर पतंग उडत असताना, काका आमच्या दारात आले. काखेत लॅपटॉप. दाढी वाढलेली. बसा म्हटलं तर बसले नाहीत. लॅपटॉप आमच्या टेबलावर उघडून उभ्याउभ्याच आईला म्हणाले, “बाई, जरा हे बघता का.”

ग्रहणाचा मूळ व्हिडिओ होता. काळ्या पडद्यावर कोर हवेने किंचित थरथरत होती. मग अचानक ती एका बाजूला झुकली, पडद्याच्या जवळजवळ बाहेर गेली, थोडा वेळ तिथेच हलत राहिली, आणि हळूहळू परत मधे आली.

“हे तुमच्या हातानं झालं,” काका म्हणाले. “तुम्ही डोळा लावताना नळीला हात टेकला. एवढा वेळ तुम्ही त्यातून बघत होता.” त्यांनी व्हिडिओ थांबवला. “हललेल्या फ्रेम म्हणून मी ह्या त्याच दिवशी काढून टाकल्या. टाकताना मला कळत होतं ह्या कशानं हलल्यात. फाइंडर मी काढला नव्हता. आणि जिन्यात मी खोटं बोललो.”

आई पडद्याकडे बघत होती. “मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

काकांची मान खाली गेली. मी कधी मोठ्या माणसाचे कान असे लाल झालेले पाहिले नव्हते. ते खाली वाकायला लागले, बहुधा आईच्या पाया पडायला. आईने पाय मागे घेतला.

“हे नको,” ती म्हणाली. “आणि हे मला एकटीला सांगून उपयोग नाही, कदम. मला ठाऊकच होतं. जिन्यात जे बोललात ते जिन्यातच जाऊन फिरवा.”

ते त्याच पावली खाली गेले. आधी बोर्डावरचा फोटो काढला. मग एकेक दार वाजवलं. मी जिन्याच्या कठड्यापाशी उभी राहून ऐकत होते. सलीमभाई म्हणाले, “होता साब, हादसा है. कायकू दिल पे लेते?” काका म्हणाले, “नक्को सलीमभाई. हुआ नै, मैं किया. फिर झूट बोल्या.” तिसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू आजींना त्यांनी जमेल तेवढ्या तेलुगूत सांगितलं, “तप्पु नादे अम्मा,” चूक माझीच. आजींनी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. ते त्यांनी उभ्याने प्यायलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनी मात्र हसून खांद्यावर हात ठेवला. “सोडा हो कदमसाहेब. त्यांच्यासमोर एवढं काय वाकायचं?”

“त्यांच्यासमोर म्हणजे कोणासमोर?” काकांनी विचारलं.

त्या गृहस्थांनी हात काढून घेतला आणि दार लावून घेतलं. काकांनी पुढचं दार वाजवलं. सुमनकाकूंनी मला नंतर सांगितलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच म्हणाले, “माझ्या खोट्याच्या आधारानं तो माणूस ते बोलला. मी बोललो नसतो तर त्याला तोंड उघडायला जागा नव्हती.”

इथे प्रकरण मिटलं असं कोणालाही वाटेल. पण काकांची लाज मिटली नाही. ती वाढत गेली. दुर्बीण त्यांनी प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून गच्चीवरच्या खोलीत टाकली. आईची चाहूल लागली की जिन्यात मागे फिरायचे, लिफ्टमध्ये आई असली तर पायऱ्या चढायचे, गुडघे दुखत असूनही. समोर आलेच तर फरशीकडे बघत बाजूला उभे. तिचा डोळा थोडा सुधारला, मधला काळोख करडा झाला, ती डाव्या डोळ्याने पूर्वीइतकंच काम करायला लागली, हे त्यांना सुमनकाकूंकडून कळत होतं. तरी ते तसेच.

एकदा आई वैतागून म्हणाली, “डोळा माझा गेला आणि तोंड हे लपवतात. आता यांना सावरायचं कामही माझ्याकडेच आलं का?” मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिचा राग कधीच गेला नव्हता. तिने तो फक्त नीट घडी करून ठेवला होता, इस्त्रीच्या कपड्यासारखा.

मग लॉकडाउन आला. रस्ते बंद, गाड्या बंद. हैदराबादवरची धूळ खाली बसली आणि आकाश धुतल्यासारखं निघालं. आईला लॅबचा पास होता, ती एक दिवसाआड जायची. सुट्टीच्या एका सकाळी तिने शेजारचं दार वाजवलं. काका दारात आले आणि तिला बघून मागे सरकले.

“मला सूर्य बघायचाय,” आई म्हणाली. “दुर्बीण लावा.”

“बाई, मी आता ते...”

“तुम्हाला विचारत नाही, कदम. लावा म्हणते.”

आम्ही चौघं वर गेलो. काकांनी कापड सोडलं. फिल्टर आधी त्यांनी उजेडाला धरून बघितला, सुमनकाकूंना बघायला लावला, मग मला. नळीला लावल्यावर चारी बाजूंनी ओढून पाहिला. फाइंडर तर काढलाच, तो ज्या खोबणीत बसतो ती खोबणसुद्धा पान्याने खोलली. कॅमेरा बाजूला ठेवून डोळ्याने बघायचं भिंग लावलं. आधी स्वतः बघितलं, बराच वेळ. मग बाजूला झाले, आणि नळीवर हात ठेवून उभे राहिले, जणू तिने काही केलंच तर तिला धरता यावं.

आईने उजवा डोळा लावला.

मला वाटलं ती चुकली. मग कळलं, चुकली नव्हती. ती अजिबात न हलता बघत राहिली.

“मध्ये काही नाही,” आई म्हणाली, रोजच्या रिपोर्ट सांगायच्या आवाजात. “सगळं करडं आहे. पण कड दिसतेय. गोल. स्वच्छ आहे कड.”

मग तिने डावा डोळा लावला. “आज डाग नाहीत का?”

“नाहीत,” काका म्हणाले. “सध्या... सध्या त्याचे डाग कमी असायचे दिवस आहेत.”

“बरं,” ती म्हणाली. “आता रोज बघत जा. आणि जिन्यात वर बघून चाला. पडाल.”

तिने माफ केलं असं ती म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही. काकांनीही मागितलं नाही. त्यांनी पुन्हा फोटो काढायला सुरुवात केली, पण बोर्डावर परत लावले नाहीत. सलीमभाईंनी कितीदा विचारलं. काका नुसते हसायचे आणि डागांचा आकडा सांगायचे. जिन्यात आई भेटली की थांबून “बाई, निघालात?” म्हणायचे, आणि तेवढं म्हणतानाही त्यांचे कान तांबूस व्हायचे. ती सवय त्यांची गेली नाही.

पुढच्या वर्षी सुमनकाकू गेल्या. मुलीने काकांना हिमायतनगरला आपल्याकडे नेलं. तिच्या फ्लॅटला उत्तरेची बाल्कनी होती, तिथे ऊन येत नव्हतं. दुर्बीण त्यांनी उदगीरला भावाकडे पाठवली असं कळलं. मग भेटी कमी झाल्या.

शेवटचं त्यांना पाहिलं ते एका दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. मावळत्या सूर्याला ग्रहण लागलं होतं. देवळं बंद, बहुतेक दुकानांची शटर खाली, लोक घरात बसलेले. आईला लॅबमधल्या एका मैत्रिणीकडे जायचं होतं म्हणून आम्ही रिक्षाने हिमायतनगरला निघालो होतो. एका गल्लीच्या तोंडाशी, जिथून पश्चिमेचं आकाश मोकळं दिसत होतं, सात-आठ माणसं उभी होती. एक फळवाला, दोन बुरखेवाल्या बायका, कॉलेजची काही मुलं, कोणी वॉचमन. हातोहात कागदी गॉगल फिरत होते. आणि त्यांच्यासमोर काका उभे होते. बरेच वाळलेले, स्वेटर ढगळ झालेला.

त्यांची सूर्याकडे पाठ होती. मागे नारिंगी सूर्याचा एक तुकडा तुटला होता आणि ते त्याच्याकडे एकदाही वळले नाहीत. ते लोकांच्या डोळ्यांकडे बघत होते. प्रत्येकाच्या नाकावर गॉगल नीट बसला की नाही ते बोटाने चाचपायचे. एका बाईने तो काढून वर बघायला मान उचलली, तर त्यांनी झटकन आपला तळहात तिच्या डोळ्यांसमोर धरला.

मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि हाक मारायला बाहेर वाकले. आईने माझा दंड धरला.

“आत्ता नको,” ती म्हणाली. “लक्ष हटेल त्यांचं.”